पोट सोडा, मास्तर

माझा मामा टेलर आहे आणि त्याच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात. त्यामुळे त्याची नक्कल करायची तर आधी ओठ मिटून घ्यायचे आणि प, ब, म ही अक्षरं विसरून जायची. ओठ उघडले की टाचण्या पडतात, म्हणून मामाच्या भाषेत ती अक्षरंच नाहीत. 'बाही'ची 'हाही' होते, 'माप'चं 'आह' होतं. जुन्या गिऱ्हाइकांना ही भाषा समजते. नव्या माणसाची पंचाईत होते.

एकदा एक भारदस्त गृहस्थ पँटचं माप द्यायला आले. मामानं कमरेला टेप गुंडाळली, तसं त्यांनी पोट आत ओढून श्वास रोखला. मामा म्हणाला, "होट सोडा." त्यांनी ऐकलं 'कोट सोडा'. अंगातला कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा श्वास रोखून उभे राहिले.

"होट सोडा हो, होट!"

"सोडला की!"

"अहो, आत ओढलंय ते!"

"आत शर्ट आहे माझा. तोही सोडू?"

कोपऱ्यात आई काजं करत बसली होती. ती इतकी हसली की सुई बोटात गेली. गृहस्थ तरातरा निघून गेले, कोट तिथंच राहिला. पुढं बरेच दिवस तो आमच्या खुंटीवर लटकत होता आणि मी तो घालून त्या गृहस्थांचं सोंग करायचे. मामाचंही मीच करायचे.

पण 'पोट सोडा' ही मामाची नुसती सूचना नव्हे, तत्त्वज्ञान आहे. टेप दिसली की भलेभले श्वास रोखतात. मामा टाचण्या काढून हातात घेतो आणि शांतपणे समजावतो, "आत्ता मला फसवाल हो. जेवून उठल्यावर पँटला कसं फसवणार?" महागाच्या कापडाला तर तो थेट कात्री लावतच नाही. आधी स्वस्तातल्या जाडसर मांजरपाटाचा अख्खा कोट शिवतो, माणसाला घालायला लावतो, चालवतो, बसवतो, हात वर करायला लावतो, खडूनं रेघा मारतो, उसवतो, पुन्हा टाचतो. "मांजरपाटावर चुकलं तर चिंधी होते," तो म्हणतो, "कापडावर चुकलं तर भांडण होतं."

दुसरं तत्त्वज्ञान म्हणजे माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आमच्याकडे माया म्हणतात. इतर टेलर बोटभर माया सोडतात, मामा दोन बोटं. बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. मामानं आईला आणि मला दुकानावरच्या खोल्यांमध्ये आणलं आणि पुन्हा कधी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. माझे सगळे फ्रॉक त्यानंच शिवले. मी वाढले की तो शिवण उसवायचा, आतली माया सोडायचा आणि फ्रॉक माझ्याबरोबर वाढायचा. आई म्हणायची, "अरे, पोरगी वाढेल की नाही कुणी सांगावं, तू मात्र घोड्याच्या मापाची माया ठेवतोस." मामा म्हणायचा, "वाढेल ताई. तुझ्यावर गेलीय."

अशा माणसाच्या पोटाचीच शिवण उसवली.

हर्निया. पोटाच्या भिंतीला भोक पडतं आणि आतलं बाहेर डोकावतं. एकदा ऑपरेशन झालं होतं, नीट झालं होतं. वजन उचलू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, मामानं मान डोलावली होती, आणि दुकानात आल्यावर अस्तराचा गठ्ठा दिसला तो उचलला. चूक त्याची होती आणि ती तो मान्यही करायचा. "मापात होतं सगळं," तो म्हणायचा, "घालणाऱ्यानंच ताणलं."

मग हळूहळू असं झालं की मामा खाली बसेना. कोटाची खालची दुमड आखायला टेलरला गिऱ्हाइकाच्या पायाशी बसावं लागतं. मामा गिऱ्हाइकालाच स्टुलावर चढवू लागला. जड इस्त्री आई उचलू लागली. टेबलावर वाकून कापड कापताना त्याचा एक हात कात्रीवर आणि दुसरा पोटावर असायचा. एका हातानं कापलेल्या कापडाची कड कशी येते ते आम्हाला दिसत होतं. त्यालाही.

शेवटी आम्ही त्याला सर्जनकडे नेलं. त्यांची तऱ्हा न्यारी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'चालेल ना?' म्हणायची त्यांना सवय. "आपण तपासू, चालेल ना? इथं दुखतं, चालेल ना?" मी तिथल्या तिथं मनात टिपून घेतलं. मग त्यांनी स्क्रीनवर पोटाचं चित्र दाखवलं. "जुन्या टाक्यांच्या आसपास भिंत विरली आहे, चालेल ना? पुन्हा टाके घालायचे तर फार विचार करून घालायला हवेत, चालेल ना?"

"आणि नाही टिकलं तर?" आईनं विचारलं.

"तिसऱ्यांदा शिवायला तिथं काही उरणार नाही. मग मास्तरांना वाकणं, उचलणं, उभ्यानं काम करणं बंद करावं लागेल."

या वाक्याच्या शेवटी ते 'चालेल ना' म्हणाले नाहीत. तेव्हा माझी मनातली नक्कल आपोआप थांबली.

मामानं एवढंच विचारलं, "शिवणार कोण?"

"टाके यंत्र घालेल. स्वतःचं स्वतः. मी शेजारी उभा असेन, वाटलं तर तिथंच थांबवेन. हातापेक्षा त्याचा टाका एकसारखा पडतो, चालेल ना?"

"एकसारखा टाका आमचं मशीनही घालतं हो," मामा म्हणाला. "पण रेशमाला वेगळा ताण, जीनला वेगळा. माझं पोट कुठल्या कापडाचं आहे, हे त्याला कोण सांगणार?"

"ते सांगणाऱ्या मॅडम खालच्या मजल्यावर बसतात," डॉक्टर म्हणाले.

खालच्या मजल्यावरची खोली म्हणजे दोन मोठे स्क्रीन, तपासायचं एक अरुंद कोच, आणि एक खुर्ची, जिच्या गादीची शिवण उसवून आतला फोम बाहेर आला होता. मामानं बसायच्या आधी तो फोम बोटानं आत ढकलला. मॅडम तरुण होत्या, चटपटीत होत्या आणि त्यांच्या अंगातला पांढरा कोट दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा होता. खांदे दंडापर्यंत उतरलेले, बाह्या दोनदा दुमडलेल्या. त्या बोलत होत्या आणि मामा त्यांच्या खांद्याकडे असा बघत होता, जसा दाताचा डॉक्टर कुणी हसलं की बघतो.

"आम्ही इथं तुमच्या पोटाची नक्कल तयार करतो," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरच्या आत. ती दाबली की तुमच्या पोटासारखी दबते, श्वासाबरोबर तुमच्यासारखी वरखाली होते. यंत्र त्या नकलेवर पुन्हा पुन्हा टाके घालून बघतं. शिकून आलेलं असतंच ते, पण ते ढोबळ, सगळ्या माणसांचं. इथं ते फक्त तुमच्यापुरतं शिकतं."

"नक्कल!" आई म्हणाली. "हीसुद्धा तेच करते. अभ्यास सोडून."

"कुणाची?" मॅडमनी मला विचारलं.

झालं. मी ओठ मिटले आणि 'होट सोडा'चा अख्खा प्रयोग केला. मामा, गृहस्थ, कोट, सगळं. मॅडम टेबल धरून हसल्या. मामा छताकडे बघत राहिला. त्या दिवसापासून माझ्या लेखी त्या नक्कलमॅडम झाल्या. आमच्या जातीच्याच, फक्त मी आवाजाची नक्कल करते, त्या पोटाची.

मग मामाच्या डोक्यात इतका वेळ घोळत असलेला प्रश्न बाहेर आला. "एक सांगा. त्याला माया आहे का?"

मॅडमचा चेहरा मऊ झाला. "मास्तर, यंत्र आहे हो ते. त्याला माया कुठून असणार? पण आम्ही सगळे..."

"ती माया नव्हे!" मामा गडबडला. "शिवणीतली! म्हणजे, समजा कापड वेगळंच निघालं, आपला अंदाज चुकला, तर सावरायला जागा ठेवतं का ते?"

मॅडमना आता मामा समजला. "ठेवतं. आम्ही एकच पोट नाही बनवत. तुमचंच, पण एक जरा ताठ, एक जरा सैल, एक जुन्या टाक्यांपाशी आणखी विरलेलं, असे प्रकार करतो. सगळ्यांवर सराव होतो. आणि खरं पोट त्या सगळ्यांहून वेगळं लागलं, तर ते थांबतं आणि डॉक्टरांना विचारतं."

"विचारतं?"

"विचारतं."

"मग चांगल्या हाताखाली शिकलंय," मामा म्हणाला.

आईला आणि मला बाहेर बसवलं. आत मामाला कोचावर झोपवून, छातीला पट्टा बांधून, एका बोथट दांडीनं पोट हलकेच दाबून किती दबतं ते मोजलं. बाहेर आला तेव्हा मामा खुशीत होता. "एकदम सभ्य काम," म्हणाला. "फक्त तो कोट! ताई, ते खांदे बघितलेस?"

ऑपरेशनचा दिवस ठरला होता. त्याच्या आधी हॉस्पिटलमधून फोन आला: ऑपरेशन पुढं ढकललं आहे, मास्तरांना पुन्हा घेऊन या, मॅडमना भेटायचं आहे.

का, ते फोनवरच्या माणसाला माहीत नव्हतं. मामानं फोन ठेवला, टाचण्यांची डबी बंद केली आणि कापायला काढलेल्या कापडाची पुन्हा घडी घातली.

"नको म्हणाले असणार," तो म्हणाला. "यंत्रानं सांगितलं असेल, हे कापड शिवण्यालायक नाही. मी सांगत नाही का लोकांना? विरलेल्या कापडाला टाका घातला की टाक्यापाशीच फाटतं. नेऊन पायपुसणं करा म्हणतो मी."

"तू माणूस आहेस," आई म्हणाली. "उगाच काहीतरी बरळू नकोस."

"दुकान तू बघशील?"

"मी काजं बघते. दुकान तू बघायचंस."

त्या दिवशी दुकानात कुणी इस्त्रीही तापवली नाही. मी कुणाचीही नक्कल केली नाही, आणि ते आईच्या लक्षात आलं, कारण तिनं मला मुद्दाम विचारलं, "तोंडात टाचण्या धरल्यास काय?"

नक्कलमॅडमनी या वेळी आम्हाला तिघांनाही आत बसवलं. त्या गंभीर होत्या.

"मास्तर, तुमच्या नकलेत काहीतरी गडबड आहे. यंत्र सुंदर टाके घालतंय. जरा जास्तच सुंदर. दोरा कितीही ओढला तरी भिंत हूं की चूं करत नाही. एखाद्या पैलवानाचं पोट असावं तशी. आणि स्कॅनच्या चित्रात तर स्नायू पातळ दिसतात, जुन्या जागी विरलेले. चित्रात एक माणूस आहे आणि मापात दुसराच."

मामाचे कान लाल झाले. गुलाबी, मग लाल, मग माणकासारखे. आईनं त्याच्याकडे बघितलं. मी बघितलं. आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी भिंतीकडे तोंड केलं.

"कोचावर झोपा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी छातीला पट्टा बांधला आणि दांडी हातात घेतली. मामा आडवा झाला, दांडी पोटाजवळ आली, आणि मामाचं पोट बरगड्यांखाली गुडूप झालं. छाती पुढं, हनुवटी वर, श्वास बंद. थेट तो कोटवाला गृहस्थ!

मॅडमनी दांडी खाली ठेवली. ओठ घट्ट मिटले. आणि म्हणाल्या, "होट सोडा, आस्तर."

मग आईच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, माझ्या तोंडून त्याहून विचित्र, आणि शेवटी मामाच हसला. हसता हसता त्याचं पोट सुटलं. बापरे, किती होतं ते! जणू कुणी दुकानाचं शटर वर केलं आणि आतला सगळा माल बाहेर आला.

"पोट दुखेल इतकं हसू नका, पट्टा सरकतोय," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या.

"होट," मामानं दुरुस्ती केली.

शांत झाल्यावर तो छताकडे बघत बोलला. "मुद्दाम नाही केलं हो मॅडम. मला कळलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली. माझं कधी कुणी घेतलंच नव्हतं. माझे कपडे मी जुन्या शर्टावरून बेततो. तुम्ही ती दांडी घेऊन आलात आणि मी आपोआप..." त्यानं हातानं पोट आत गेल्याची खूण केली. "लोकांना मी उगाच ओरडत होतो."

"ओरडत राहा," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळेच मला सुचलं. आकडे जुळत नव्हते, कारण सापडत नव्हतं. मग हिचा तो कोटवाला आठवला."

पुन्हा माप घेतलं. या वेळी खरं. काही वेळानं मॅडमनी आम्हाला स्क्रीनवर नवी नक्कल दाखवली. फिकट गुलाबी भिंत, मधे भोक, मामाच्या श्वासाबरोबर सावकाश हलणारी. दोन बारीक चिमटे आले, सुई भिंतीतून गेली, दोरा ओढला गेला, आणि टर्रकन भिंत फाटली.

"फाडलं!" मामा किंचाळला आणि त्यानं स्वतःचं पोट धरलं.

"इथं फाटू दे. बघा आता."

पुन्हा सुई गेली, या वेळी कडेपासून जरा लांबून. दोरा ओढला, पण कमी. भिंत ताणली, थरथरली, टिकली. पुन्हा. पुन्हा. चुकलं की तेच पोट कोरं होऊन परत यायचं. मामाचे हात आपोआप त्या चिमट्यांबरोबर हलायला लागले.

"पहिलं माप तसंच गेलं असतं तर?" आईनं हळूच विचारलं.

"खऱ्या पोटात यंत्राला फरक जाणवला असता आणि ते थांबलं असतं," मॅडम म्हणाल्या. "पण जाणवेपर्यंत एखाददुसरा टाका जास्त ओढला गेला असता. मास्तरांच्या पोटात तेवढीही जागा नाहीये. म्हणून मी पुढं ढकललं."

मामा स्क्रीनकडे बघत होता. "मांजरपाट," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ताई, माझ्या पोटाचा मांजरपाट करतायत गं. माझ्यासाठी."

एवढं बोलून तो उठला आणि फोम बाहेर आलेल्या त्या खुर्चीची शिवण उगाचच बोटानं चाचपत राहिला. त्याला कुणाचे आभार मानायचे असले की तो असंच काहीतरी चाचपतो.

ऑपरेशन झालं. बाहेर येऊन सर्जन म्हणाले, "उत्तम झालं, चालेल ना?" आणि ते 'चालेल ना' ऐकून आईनं डोळ्यांना पदर लावला. त्यांनी सांगितलं की यंत्र एका ठिकाणी थांबलं होतं. जुन्या टाक्यांच्या टोकाशी भिंत सरावातल्या सगळ्या पोटांहून पातळ लागली, म्हणून त्यानं विचारलं. डॉक्टरांनी बघितलं, टाका आणखी लांबून घ्यायला सांगितला, मग ते पुढं गेलं. शुद्धीवर आल्यावर मामाला हे सांगितलं, तेव्हा तो डोळे मिटूनच म्हणाला, "कारागीर आहे," आणि पुन्हा झोपला.

नंतरचे महिने आईनं त्याच्यावर असा पहारा ठेवला की कात्री उचलली तरी विचारायची, "किती वजन आहे तिचं?" अस्तराचे गठ्ठे वरच्या खोलीत, माझ्या पलंगाखाली कुलपात गेले. मामानं कुरकुर केली, पण या वेळी खरोखर ऐकलं. "दुसऱ्यांनी एवढा मांजरपाट केला," म्हणायचा, "आता घालणाऱ्यानं ताणायचं नाही."

सर्जननी सगळी कामं करायची परवानगी दिली, त्या दिवशी मामानं पहिला निरोप पाठवला तो हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर. मॅडम, माप द्यायला या.

"माझं कशाला? हॉस्पिटल देतं कोट," त्या दुकानाच्या दारातूनच म्हणाल्या. "एकच साइज असते सगळ्यांना."

"तेच," मामा म्हणाला. "तुम्ही त्या यंत्राला एकेका माणसाच्या मापाचं करता, आणि स्वतः हे पोतं घालून फिरता. मला झोप लागत नाही."

आणि मग आली मांजरपाटाची ट्रायल. मॅडम आरशासमोर उभ्या, खांदे पहिल्यांदाच खांद्यांवर. मामानं तोंडात टाचण्या धरल्या, कमरेपाशी टेप नेली, आणि मॅडमनी श्वास आत ओढला. पोटाचं शास्त्र कोळून प्यायलेली बाई!

"होट सोडा," मामा म्हणाला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पोट सोडलं.

मग खालची दुमड आखायची वेळ आली. दाराजवळ स्टूल होतं. मी सवयीनं मॅडमना त्यावर चढायला खुणावलं, पण मामानं पायानं ते बाजूला सारलं. खडू घेतला आणि सरळ खाली बसला, गुडघ्यांवर, फरशीवर. पोटावर हात न ठेवता. दोन्ही हात कापडावर. आईची सुई काजात अर्धी गेली होती, ती तिथंच थांबली. मामा कोटाच्या कडेनं सरकत सरकत पूर्ण फेरी मारून आला, शेवटची टाचणी लावली, आणि टेबलाला न धरता उठला. आईची सुई पुढं गेली.

"मास्तर, एवढं कापड आत दुमडून कशाला ठेवलंय?" मॅडमनी विचारलं.

"आया," मामा म्हणाला.

"आया? कुणाच्या?"

मामानं एकेक करून सगळ्या टाचण्या तोंडातून काढल्या, डबीत ठेवल्या, ओठ मोकळे केले आणि स्वच्छ उच्चारात सांगितलं, "माया, मॅडम. माया."